माशांना आरोचं पाणी

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर अकोल्या-अमरावतीतल्या घराघरांतले माशांचे टँक घासूनपुसून लख्ख झालेले असतील, आणि माझा फोन गरम झालेला असेल. दिवाळीच्या सफाईत आमच्याकडं पंखे पुसले जातात, फळ्यांवरचे डबे उतरतात, आणि सगळ्यात शेवटी कोणाला तरी आठवतं की टँक राहिला. मग मासे बालटीत, टँक मोरीत, दगड साबणाच्या पाण्यात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून कोरा. वर ताजं पाणी तोंडापर्यंत. दुसऱ्या दिवशी फोन.

"काकू, एवढा स्वच्छ केला, तरी मेले हो!"

"तरी नाही, बाई. म्हणून मेले."

सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले, पण दिवाळी काही थांबत नाही आणि लोकांचे हातही थांबत नाहीत. अहो, मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच हागतो. माफ करा, पण या धंद्यात हे बोलल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव असतात, डोळ्याला न दिसणारे, आणि त्यांचा मुक्काम त्या बुळबुळीत स्पंजात. टँकचे सफाई कामगारच ते. त्यांना तुम्ही नळाखाली धरून मारता, मग सफाई करायची कोणी? आठवड्याला चौथाई पाणी बदला, स्पंज टँकच्याच पाण्यात हलका खळबळा, आणि बाकी हात खिशात ठेवा. एवढंच. पण हात खिशात ठेवणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचं आहे.

मी या धंद्यात शिकून आले नाही. आमचं काचेचं दुकान. खिडक्यांच्या काचा, देवाच्या तसबिरी, आरसे. एका गिऱ्हाइकानं टँक बनवून मागितला, यांनी काचा कापल्या, मी सिलिकॉन भरलं. पहिला टँक गळला, दुसरा गळला, तिसरा टिकला. मग लोक म्हणाले, टँक देता तर मासेही द्या. मासे ठेवले तर मेले. का मेले ते शोधता शोधता केस पांढरे झाले. आता हे नाहीत, दुकान सुनेच्या हातात आहे, पण गिऱ्हाईक आजही दारातून ओरडतं, "काकू हायेत का?" आणि काकू असतातच.

माझा जीव जडला तो सिक्लिडांवर. ही माशांची मोठी भांडखोर जात. त्यातले आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातले, दगडांच्या कपारीत राहणारे, पिवळे, निळे, जांभळे. बघताना वाटतं फुलं पोहताहेत, आणि पाच मिनिटं बसून पाहिलं की कळतं, ही फुलं नाहीत, ही भाऊबंदकी आहे. प्रत्येकाला आपला दगड पाहिजे आणि शेजाऱ्याचाही पाहिजे. म्हणून यांचं गणित उलटं. चार ठेवले तर तिघं मिळून चौथ्याला मारतात. वीस ठेवले तर कोणी कोणाच्या मागं लागावं हेच त्यांना कळत नाही आणि घर शांत राहतं. एका नरामागं तीन-चार माद्या, आणि दगड इतके रचायचे की पळणाऱ्याला दडायला जागा मिळेल. हे मी सांगते तेव्हा लोक मान डोलावतात आणि दोन नर घेऊन जातात. जोडी म्हणून.

एक शेठजी होते, तेलाच्या गिरणीचे. घरात कांदासुद्धा नाही. म्हणाले, "काकू, मासा पाहिजे, पण शाकाहारी द्या." दुकानातले सगळे हसले, मी हसले नाही, कारण असे मासे खरोखर आहेत. माझे हे दगडावाले बहुतेक शेवाळ खाऊनच जगतात. मी त्यांना सांगितलं, पालक उकळत्या पाण्यातून काढून दगडाला बांधून द्या, ते ओरबाडून खातील. शेठजी खूश. घरी रोज पालक. आठवड्यानं फोन.

"काकू, तुम्ही शाकाहारी म्हणाल्या होत्या. निळ्यानं दुसऱ्या निळ्याले मारून टाकलं!"

"शेठजी, खाल्ला का?"

"नाही. तसाच पडून आहे."

"मग? मारलंय फक्त. व्रत नाही मोडलं."

त्यांनी फोन ठेवला. पण मासे आजही त्यांच्याकडं आहेत, आणि पालकही चालू आहे.

आता विमलताईंचं सांगते. या बाईनं मला जेवढं छळलं तेवढं कोणत्याच गिऱ्हाइकानं छळलं नाही.

त्यांचे यजमान गुलाबराव अकोटला जिनिंगमध्ये फिटर होते. दिवसभर मशीनची घरघर आणि नाकातोंडात कापूस. गाव अकोटच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं पूर्णेच्या काठानं मोठा पट्टा असा आहे की बोअर मारा नाहीतर विहीर खणा, पाणी खारंच लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, घागरीच्या बुडाशी पांढरा थर धरतो. गुलाबराव आरसा घ्यायला दुकानात आले आणि टँकसमोर उभे राहिले ते आरसा विसरूनच गेले. पिवळे सहा आणि निळे चार घेऊन गेले. पिवळ्यांना त्यांनी नाव ठेवलं हळद्या. सगळ्यांना एकच नाव, कारण वेगळे ओळखायला येत नाहीत.

मी त्यांना म्हटलं होतं, बघा बाप्पा, तुमचं पाणी कसं आहे कोण जाणे. तर काय सांगू! माझ्या दुकानात नाही वाढले असे मासे त्या माणसाच्या टँकमध्ये वाढले. काहून? तर त्या आफ्रिकेच्या तळ्याचं पाणीही जड. दगडांतून क्षार उतरलेलं. सगळ्याच गावांचं खारं पाणी माशांना झेपत नाही, काही ठिकाणी ते फारच कडक असतं, पण गुलाबरावांच्या बोअरचं पाणी त्या माशांना माहेरच्यासारखं लागलं. माझ्या दुकानाच्या बोअरचं पाणीही तशाच जातीचं आहे, थोडं हलकं. गुलाबराव अकोल्याला आले की बाटलीत पिल्लं घेऊन यायचे, मला द्यायला, आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

मग त्यांची किडनी गेली. अकोल्याला आठवड्यातून दोनदा मशीनवर. त्या दवाखान्याच्या फेऱ्यांतही ते दुकानात डोकावायचे, हात सुजलेला, आणि विचारायचे, "काकू, निळ्याच्या शेपटीले बुरशीसारखं दिसते, काय टाकू?" दीड-दोन वर्षं अशी गेली आणि ते गेले. कशानं झालं ते कोणत्याच डॉक्टरनं छातीठोक सांगितलं नाही. गावात मात्र कोणालाही विचारा, सगळे बोअरकडंच बोट दाखवतात.

मुलगा विनोद अमरावतीला नोकरीला. तो आईला घेऊन गेला, आणि आई टँक घेऊन गेली. भांडी दिली, पलंग दिला, पण टँक नेला. नेताना मला विचारलं असतं तर? पण नाही. महिन्याभरानं फोन आला.

"बाई, हळद्या गेला."

"कोणता?"

"तीन गेले. आता आखीन दोन कोपऱ्यात बसून हायेत. मी तं त्याइले फुलासारखं जपून राहिली वं माय!"

हे "फुलासारखं" ऐकलं की मी समजून जाते, मासे धोक्यात आहेत. दुसऱ्या दिवशी मी बस पकडून अमरावतीला गेले.

टँक बघितला आणि डोक्याला हात लावला. पाणी असं की नाहीच वाटावं. काच चकचकीत, दगड गोरेपान. आणि मासे? पंख अंगाला चिकटवून वर तरंगताहेत, गालफडं भराभर हलताहेत, रंग उडून जुन्या पातळासारखा झालेला. माझ्याकडं पाणी तपासायच्या औषधाची छोटी बाटली असते. नळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे. या माशांच्या पाण्यात ते निळं व्हायला पाहिजे. इथं झालं पिवळं, लिंबासारखं. म्हणजे पाणी आंबट झालेलं.

"विमलताई, कोणतं पाणी टाकता?"

"आरोचं." असं म्हणाल्या की जणू गंगेचं.

विनोद दारात उभा होता, तो म्हणाला, "काकू, काय सांगू? आई पहाटे उठून मशीनचं पाणी घागरीत भरते आणि यात ओतते. आमाले प्याले पाणी उरत नाई. पोरगी शाळेत रिकामी बाटली घेऊन गेली."

"तुले काय होते रे पाणी नाई मिळालं तं? बाहेर घेऊन पेय. हे कुठं जातीन?"

मी म्हटलं, "अहो ताई, त्या मशीनमध्ये पाण्यातलं सगळं काढून टाकतात. क्षार नाही, काही नाही. या माशांना तेच क्षार पाहिजेत. आणि ज्या पाण्यात क्षार नाही ते चार दिवसांत आंबतं. मशीनच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी तुम्ही मोरीत सोडता ना, ते टाकलं असतं तरी जगले असते."

"ते? ते तं खराब पाणी!"

"तुम्हाला खराब. त्यांना नाही."

मी पिशवीतून खायचा सोडा काढला, सोबत शिंपल्यांचा चुरा आणला होता तो काढला. म्हटलं, हळूहळू टाकू, एकदम नाही, पाणी परत जड होऊ द्या, हे मासे वाचतील. विमलताईंनी माझ्या हातातला पुडा घेतला आणि ओट्यावर ठेवला. फेकला नाही, पण दूर ठेवला.

"बाई," त्या म्हणाल्या, "म्या चाळीस वर्सं ते पाणी भरलं. डोक्यावर आणलं, माठात भरलं, ह्याइच्या हातात तांब्या म्या देला. रोज. जेवताना, कामावरून आल्यावर, गोळी घ्याले. आता तुमी मले म्हनता का चांगल्या पाण्यात तेच मिसयून ह्याइच्या लेकराइले पाजू?"

"अहो, हे मासे आहेत, माणसं नाहीत. यांचं शरीर..."

"मले नोका सांगू. तोंड असते त्याले पाणी लागते. तुमच्या घरी तुमाले काय पाजाचं ते पाजा. म्या नाई."

मी बोलघेवडी बाई, माझा आवाज चढतोच. तासभर डोकं फोडलं. आफ्रिका सांगितली, तळं सांगितलं, गुलाबरावांच्याच टँकची साक्ष काढली. "तुमच्या यजमानांनी याच पाण्यात वाढवले ना हे?" असं म्हटलं आणि लगेच जीभ चावली, कारण त्यांनी माझ्याकडं बघितलं ते बघवलं नाही. विनोद मध्ये पडला, "काकू, घेऊन जा तुमी. इथं राह्यले तं आज-उद्या हे बी जातीन."

शेवटी पाच मासे राहिले होते. दोन पिवळे, तीन निळे. पिशवीत त्यांचंच पाणी, वर हवा, रबर बांधून पिशवी थर्माकोलच्या डब्यात. उचलताना बघते तर एका पिवळ्या मादीचा गळा फुगलेला. विमलताई म्हणाल्या, "तिले तं गालफुगीच झाली. चार रोज झाले, घास घेत नाई. म्या चमच्यानं देऊन पाह्यलं."

"चमच्यानं! अहो, तोंडात अंडी आहेत तिच्या!"

ही जात अशीच. मादी अंडी तोंडात घेते आणि तीनेक आठवडे तोंड मिटून राहते. काही खात नाही. अंडी आतच फुटतात, पिल्लं तिथंच वाढतात, मग ती त्यांना बाहेर सोडते. घाबरली किंवा पाणी बिघडलं तर वेळेआधीच थुंकते, नाहीतर गिळून टाकते. आणि ही बाई तिच्या तोंडात चमचा खुपसत होती. कपाळ माझं!

विमलताईंनी पदर खोचला. "मी बी येतो."

"कुठं?"

"अकोल्याले. माही बहीण हाय तिथं. हे बाळंतीण हाय आन् तुमी हिले बसनं घेऊन चालल्या."

आल्या. बसमध्ये डबा मांडीवर त्यांच्याच. मूर्तिजापूरपर्यंत कंडक्टरला तीनदा सांगितलं, हळू घ्या, पोटुशी हाय. कंडक्टर आमच्या दोघींकडं बघत राहिला. त्याला काय वाटलं असेल देव जाणे.

हलक्या पाण्यातून जड पाण्यात मासा एकदम टाकायचा नसतो. दुकानात आल्यावर मी ते सगळे एका बालटीत ठेवले आणि बारीक नळीनं माझ्या टँकचं पाणी त्यात थेंब थेंब सोडलं, सलाइनसारखं. तो थेंब पडतो कसा ते विमलताई स्टुलावर बसून बघत होत्या. अडवलं मात्र नाही. माझं घर होतं ना.

मग सुरू झाला खरा छळ. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी विमलताई पायरीवर हजर. स्टूल तोच, जागा तीच, बरोब्बर गल्ल्याशेजारी. मी सांगते ते गिऱ्हाईक ऐकत नाही, पण त्यांचं ऐकतं! एक पोरगी टँक घ्यायला आली, मी तिला अर्धा तास पाणी समजावलं, आणि ती जाताना विमलताई हळूच म्हणतात, "बेटा, आरोचं टाकजो, थोडं महाग पडते पण लेकरं सुखी राह्यतात." मी सुनेकडं बघितलं, सून छताकडं बघत होती. मी म्हटलं, "ताई, माझ्याच दुकानात बसून माझाच धंदा बुडवता?" तर म्हणतात, "म्या माह्यं सांगितलं, तुमी तुमचं सांगा." दुसऱ्या कोणी मादीच्या टँकला बोट लावलं की वसकन अंगावर जायच्या. एका मास्तरांना तर म्हणाल्या, "काच वाजवून नोका राहू, तुमच्या खाटेवर कोणी थापडा मारल्या तं?" मास्तर तडक निघून गेले, ते माझं रोजचं गिऱ्हाईक होतं.

तरी दिवसागणिक मासे उघडत होते. आधी पंख सुटले. मग निळ्यांनी दगड वाटून घेतले, आणि एकदा का ते भांडायला लागले की समजायचं, तब्येत सुधारली. पिवळा हळदीसारखा पिवळा झाला. एक निळा आधीच फार गेलेला होता, तो वाचला नाही. मादी मात्र एका पालथ्या कुंडीच्या फुटक्या तुकड्याखाली तोंड मिटून बसलेली. तिच्यासाठी मी तो टँक वेगळाच केला होता. विमलताईही समोर तशाच. मी चहा दिला तर म्हणायच्या, "ते काई खात नाई, आन् मी पेऊ?" मग प्यायच्या.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, सून जेवायला गेली होती. विमलताईंनी माझा हात धरला. मादी कुंडीच्या तुकड्याबाहेर आली होती, तळाजवळ थांबली, आणि तिनं तोंड उघडलं. एक पिल्लू बाहेर आलं, तांदळाच्या दाण्याएवढं. मग दोन. मग एकदम सात-आठ, धुरासारखी. ती जरा हलली की सगळी परत तिच्या तोंडात घुसायची, आणि ती परत सोडायची. मी हे कितीतरी वेळा बघितलंय, तरी दरवेळी काचेला नाक लावून बसते.

विमलताईंनी टँकमध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ते पाणी जिभेला लागताच त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. गावच्या पाण्याची चव विसरत नाही माणूस.

"हेच हाय ना, बाई?"

"तशाच जातीचं. थोडं हलकं."

"आन् ह्याइले मानवते."

"मानवतं."

विमलताईंनी पिल्लांवरची नजर न काढता विचारलं, "मंग आमाले काहून नाई मानवलं?"

मी इतकी बोलकी. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं उत्तर असतं, लोक त्यालाच वैतागतात. आफ्रिकेचं तळं माझ्या तोंडपाठ आहे. पण त्या दुपारी म्हटलं, "मला नाही माहीत, ताई."

"हाव," त्या म्हणाल्या. "कोनालेच नाई माहीत." आणि पदरानं डोळे पुसले. मग बोट पुसलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सोड्याचं सांगा. कसा टाकाचा?"

मी सांगितलं. नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवायचं, क्लोरिन उडून जातं. एका बालटीला एक चमचा सोडा, आधी तांब्यात विरघळवायचा, मग बालटीत, मग टँकमध्ये हळू. शिंपल्यांचा चुरा फिल्टरच्या पिशवीत. आठवड्याला चौथाई. जास्त नाही. सगळं पाणी कधीच बदलायचं नाही.

"स्पंज?"

"स्पंजाला हात लावायचा नाही!"

पिल्लं जरा मोठी होऊ दिली, अमरावतीचा टँक मी स्वतः जाऊन लावून दिला, आणि मग एका सकाळी त्या मासे न्यायला आल्या. थर्माकोलचा डबा मांडीवर. स्टँडवर मी सोडायला गेले. रिक्षात त्यांनी सोड्याचं परत विचारलं, मी परत सांगितलं. फलाटावर परत विचारलं, मी परत सांगितलं, आता जरा दातओठ खात. बसमध्ये चढताना परत. म्हटलं, विमलताई, पोळ्यांची कणीक कधी अशी विचारून भिजवली होती का? तर म्हणाल्या, "कणकेत कमीजास्त झालं तं विनोदच्या बाबाइले काई झालं नसतं."

बस हलली. मी वळले. मागून खिडकीच्या सळ्यांतून आवाज आला, सगळा स्टँड बघायला लागला.

"बाई! ओ बाई! चमचा शिगोशीग का सपाट?"

"सपाट!" मी बसच्या मागं चार पावलं पळतच गेले, या वयात. "सपाट हो, सपाट!"